अनुभव धागा : साताऱ्यातील आवाज आणि त्याचे नियमन

ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० सालापासून लागू आहेत. निवासी भागासाठी दिवसा ५५ डेसिबल आणि रात्री दहा ते सकाळी सहा ४५ डेसिबल ही मर्यादा त्यांत ठरवून दिलेली आहे, तर रुग्णालये, शाळा आणि न्यायालये यांच्याभोवतीचा किमान १०० मीटरचा परिसर शांतता क्षेत्र म्हणून जाहीर करता येतो. आपल्याएवढ्या शहरात हे नियम प्रत्यक्ष कसे पाळले जातील, याविषयी आपापल्या पेठेतला अनुभव सविस्तर लिहावा, आणि कोणत्या उपायाने फरक पडला किंवा कशामुळे पडला नाही, हेही आवर्जून नोंदवावे.

शाहूपुरी, निवृत्त शिक्षिका
आमच्या मागच्या गल्लीत मंगल कार्यालय आहे. गेल्या लग्नसराईत रात्री साडेदहानंतरही वरातीपुढची डॉल्बी थांबेना, म्हणून मी ११२ वर फोन केला. दोन पोलीस आले, त्यांनी समजुतीने आवाज कमी करायला लावला, आणि त्यांची गाडी वळताच तो पुन्हा वाढला. त्यांच्याजवळ ध्वनिमापक नसल्यामुळे आवाज किती होता याची नोंदच झाली नाही. दुसऱ्यांदा फोन करायला मी कचरले, कारण कार्यालयाचे मालक रोज भेटणारे आहेत. मुंबई उच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये भोंग्यांच्या प्रकरणात तक्रारदाराची ओळख उघड करू नये असे पोलिसांना बजावले, त्याचे मोल लहान गावात राहणाऱ्यालाच कळेल.

समर्थ मंदिर परिसर, गृहिणी
कासचा फुलांचा हंगाम सुरू झाला की शनिवारी-रविवारी पहाटेपासून बोगद्याकडे दुचाकींची रीघ लागते. चढावर सायलेन्सरमधली आवाज दाबणारी पुंगळी काढलेली बुलेट गेली की माझे आजारी सासरे दचकून उठतात. विनाकारण हॉर्न वाजवल्यास मोटार वाहन कायद्यातील २०१९ च्या दुरुस्तीनुसार पहिल्या वेळी १००० आणि त्यानंतर २००० रुपये दंड आहे, परंतु चढावर वेगात जाणारी गाडी अडवणे धोक्याचे आहे. तपासणी बोगद्याच्या तोंडाशी, जिथे गाड्या आपोआप संथ होतात तिथे व्हावी. आणि असे सायलेन्सर बसवून देणाऱ्या गॅरेजांची तपासणी तर त्याआधी व्हावी, कारण एकेका गॅरेजातून अशा कितीतरी गाड्या रस्त्यावर येतात.

करंजे, साउंड व्यावसायिक
आमच्या बाजूचेही लिहितो. मंडळ बयाणा देतानाच ‘शेजारच्या मंडळापेक्षा बेस जास्त पाहिजे’ अशी अट घालते, आणि ती नाकारली तर काम दुसऱ्याकडे जाते. नियमातली मोजणी ‘ए’ भारांकनाने होते, म्हणजे कानाला कमी जाणवणारा खालच्या पट्टीतला आवाज मापकही कमी धरतो. त्यामुळे मापकावर आकडा फारसा वाढलेला दिसत नाही, पण भिंतीपलीकडे मांडणीवरची भांडी थरथरत असतात. दहा डेसिबलची वाढ म्हणजे ध्वनीची ऊर्जा दहापट, हेही मंडळांच्या मुलांना कोणी सांगत नाही. परवान्यातच बेसच्या स्पीकरांची संख्या बांधून द्यावी आणि मिरवणूक निघण्यापूर्वी अ‍ॅम्प्लिफायरची पातळी ठरवून त्याला सील लावावे. नियम सर्वांना सारखा असेल तर आम्हालाही नाही म्हणता येईल.

सदर बझार, परिचारिका
रात्रपाळीत रुग्णाला झोपेचे औषध दिलेले असते आणि खिडकीखाली रिक्षा हॉर्न देत उभी असते. शांतता क्षेत्राचा फलक झाडाच्या फांद्यांत झाकला गेला आहे. तो निदान दिसेल असा लावावा.

धागा सुरू करणारा
वरच्या सगळ्या अनुभवांत मला एकच उणीव दिसते. मंडपाची परवानगी एका कार्यालयाकडे, ध्वनिक्षेपकाची दुसऱ्याकडे आणि वाहनांची तपासणी तिसऱ्याकडे असल्याने रात्री साडेदहाला उत्तर देणारा नेमका अधिकारी नागरिकाला सापडत नाही. सण-उत्सवांसाठी वर्षातले जास्तीत जास्त १५ दिवस रात्री बारापर्यंत सवलत देता येते. ते दिवस वर्षारंभीच प्रत्येक पेठेत जाहीर फलकावर लागावेत, आणि त्याच फलकावर त्या भागासाठी नेमलेल्या अधिकाऱ्याचे पद व दूरध्वनी क्रमांक असावा. त्या अधिकाऱ्याच्या गाडीत प्रमाणित ध्वनिमापक असावा आणि प्रत्येक मोजणीचा आकडा, वेळ व ठिकाण नोंदवहीत लिहिले जावे. गोडोली आणि मंगळवार पेठेतून अजून कोणी लिहिलेले नाही. तिथल्या रहिवाशांनी, विशेषतः मंडळांच्या कार्यकर्त्यांनी, अवश्य लिहावे.