मनगटी पट्टा: गरज की थेर?

सोल्डरवेडा_नागपूर: अंगावरची स्टॅटिक वीज जमिनीत सोडणाऱ्या मनगटी पट्ट्याबद्दल काल इथे कुणीतरी लिहून गेलं, "पट्टा बांधून सोल्डरिंग करणारे हौशी म्हणजे निव्वळ नाटक. आम्ही उघड्या हाताने आयसी (चिप) लावतो, एकही मेला नाही." वर टाळ्याही पडल्या! अहो, ठिणगी बोटाला जाणवायलाच दोन-तीन हजार व्होल्ट लागतात. मॉसफेट नावाच्या ट्रान्झिस्टरच्या गेटची, म्हणजे त्याला चालू-बंद करणाऱ्या पायाची, मर्यादा बहुधा 20 व्होल्ट. या दोन आकड्यांच्या मधे काय जळतं ते कळतही नाही. पार्ट लगेच मरतोच असं नाही, अधू होतो आणि महिन्यांनी दगा देतो. मग शिव्या चिनी मालाला.

दादरकर: ते "कुणीतरी" मीच. मुंबईच्या दमट हवेत स्टॅटिक येणार कुठून? शिवाय हल्लीच्या आयसीत जादा व्होल्टेज बाजूला वळवणारे प्रोटेक्शन डायोड आतच असतात.

सोल्डरवेडा_नागपूर: मे महिन्यात दुपारी इकडे या. आर्द्रता कित्येकदा 20 टक्क्यांच्या खाली जाते. प्लास्टिकच्या खुर्चीवरून उठून कडीला हात लावा, मग बोलू. आणि सुट्या पॉवर मॉसफेटच्या गेटला बहुतेक वेळा कसलंच संरक्षण नसतं.

वायरमन_काका: पट्टा जोडणार कुठे? सॉकेटच्या तिसऱ्या, अर्थच्या पिनला? आधी तिथे वायर आहे का बघा! जुन्या इमारतींत भोक असतं, मागे काही नसतं. त्यात काही महाभाग बोर्डातच न्यूट्रल आणि अर्थ लूप करून, म्हणजे तारेने एकमेकांना जोडून ठेवतात. न्यूट्रल मागे तुटला की फ्रिजच्या बॉडीवर 230.

दादरकर: म्हणजे पट्टा बांधून स्वतःलाच फेजला जोडून घ्यायचं. वा!

सोल्डरवेडा_नागपूर: पट्ट्यात 1 मेगाओहमचा रेझिस्टर असतो, साहेब. 230 व्होल्टला पाव मिलिअँपिअरसुद्धा जात नाही. नुसती तांब्याची तार मनगटाला गुंडाळणाऱ्यांचं मात्र देवच बघो.

पुणेरी_ओहम: अर्थिंगचा विषय निघालाच आहे तर सांगतो. आमच्या सोसायटीचा अर्थिंगचा खड्डा पेव्हर ब्लॉकखाली गाडलाय. तो ओला राहायला पाणी कोण घालणार? लॅपटॉपला हात लावला की मुंग्या येतात. सेक्रेटरींना मीटर दाखवला तर म्हणे, "तुमचा मीटर बिघडलाय."

वायरमन_काका: मुंग्या अ‍ॅडॉप्टरमधल्या कपॅसिटरच्या गळतीच्या. अर्थ मिळाला तर ती तिकडे जाते. आणि ऐका, लोड चालू असताना न्यूट्रल-अर्थमध्ये बरोब्बर शून्य व्होल्ट दिसलं तर खूश होऊ नका. बोर्डातच लूप असेल.

दादरकर: आमच्याकडे आरसीसीबी, म्हणजे वीज गळली की सप्लाय तोडणारा स्विच, आहे. त्याला अर्थ लागत नाही.

वायरमन_काका: नाही लागत. फक्त तो तुम्हाला झटका बसल्यावर पडेल. अर्थ असता तर आधीच पडला असता. बसा मग टेस्टर घेऊन.

दादरकर: ओरडू नका काका. ठीक आहे, मॉसफेटला पट्टा बांधीन. बीसी547 सारख्या साध्या ट्रान्झिस्टरला नाही म्हणजे नाही. आणि टेबलावरची ती महागडी निळी अँटिस्टॅटिक चटई तर मुळीच घेणार नाही.

सोल्डरवेडा_नागपूर: केवढे उपकार!

पुणेरी_ओहम: ते तुमचं मिटलं असेल तर सांगा, पेव्हर ब्लॉक उचकटायला परवानगी सेक्रेटरीची लागते की जनरल बॉडीची?