‘फक्त बाहेरून लावण्यासाठी’

मावशी: अगं ताई, तू ग्रुपवर टाकलेल्या फोटोत मासा छान दिसतोय, पण मागच्या बाटलीवर ‘फक्त बाहेरून लावण्यासाठी’ असं लिहिलंय ना? मी फोटो मोठा करून वाचलं.

मी: 😂 ताई, तेलाने मालिश केलंस की फोडणी?

ताई: फोडणीच. मोहरीचं तेल आहे ते. त्यात युरुसिक आम्ल जास्त असतं म्हणून अमेरिकेत खाद्यतेल म्हणून विकायला बंदी आहे. दुकानदार तसं लेबल लावून खाण्याच्या तेलांशेजारीच ठेवतात. आमचे बंगाली सासरे म्हणतात, चाळीस वर्षं आतूनच लावतोय.

काका: मासा कुठला? हिल्सा?

ताई: हो, इलिश. न्यूयॉर्कला जॅक्सन हाइट्सच्या बांगलादेशी दुकानातून आणतो. दगडासारखा गोठलेला, मशीनच्या करवतीवर कापून देतात. सासूबाई नव्या आल्या तेव्हा तोही मिळत नव्हता. वसंतात डेलावेअर नदीत शॅड चढतो, त्यावर भागवायच्या. इलिशचा चुलतभाऊच, काट्यांसकट.

काका: म्हणजे आपला पाला. समुद्रातून नदीत चढतो तोच.

मावशी: आम्हा घासफूस खाणाऱ्यांसाठी काही आहे का?

ताई: शुक्तो. कारलं, कच्चं केळं, शेवगा, वांगं, वर दुधाचा हात. जेवणाची सुरुवातच कडूने. आपल्यासारखं सगळं एकदम ताटात नाही, एकेक पदार्थ येतो. रविवारी सासूबाई हा क्रम मोडू देत नाहीत. एरवी आम्हीही उभ्याउभ्या सँडविच खातो, उगाच गैरसमज नको.

मी: लेक खाते का हे सगळं?

ताई: काटे बघूनच पळते. म्हणून तिच्यासाठी सामन मासा, मोहरीचं वाटण लावून फॉइलमध्ये गुंडाळून ओव्हनमध्ये. सासूबाईंना सामन म्हणजे मासाच वाटत नाही, पण वाटण स्वतः करतात. काळी-पिवळी मोहरी भिजवून, हिरवी मिरची आणि मीठ घालून, मिक्सर थांबवत थांबवत. जास्त फिरवलं की कडू. लग्नानंतर पहिल्यांदा मी सलग फिरवलं होतं. त्या काही बोलल्या नाहीत, नुसतं दही वाढून घेतलं.

मावशी: अगंबाई.

ताई: आता गंमत ऐका. लेक हॉस्टेलला गेली आणि महिन्याभरात तिचा आजीला फोन, आलू-पोस्तो, म्हणजे खसखस घातलेली बटाट्याची भाजी, कशी करायची? मैत्रिणीच्या कॉफी ग्राइंडरमध्ये खसखस वाटली पोरीने. किती घ्यायची म्हणून विचारलं तर आजी म्हणाली, ‘आंदाज.’ हा शब्द दोन्हीकडे सारखाच निघाला, आणि तिला दोन्हीकडचा कळत नाही. शेवटी व्हिडिओ कॉलवर आजीने मूठ उघडून दाखवली.

आई: छान. आणि आमच्या चकोल्या? त्या कधी विचारल्या का तिने?

मी: आला मुद्दा.

ताई: नाही विचारल्या, आई. मीच कुठे करते? रविवार सासूबाईंचा, बाकी दिवस नोकरीचे. तुझ्या पदार्थांसाठी मी वार ठेवलाच नाही, ही चूक माझी. तिची नाही.

काका: शुक्रवार ठेव.

ताई: शुक्रवारी पिझ्झा असतो, काका. गुरुवार बघते. आई, चकोल्यांचं प्रमाण पाठव, तिलाही पाठवते.

आई: त्याला कसलं प्रमाण? आमटी जरा पातळ ठेवायची, कणीक घट्ट. चिंच-गूळ अंदाजाने.

मी: 🙏

ताई: आई, मूठ दाखव.

आई: थांब, पाणी आलंय. भरून झालं की कॉल करते.