पिंप अर्धं रिकामं करून भागणार नाही
वर एकांनी लिहिलंय की छपराचं पावसाचं पाणी साठवायचं पिंप हिवाळ्याआधी अर्धं रिकामं केलं की बर्फाला फुगायला जागा मिळते, मग थंडीची काळजी नाही. मला हे पटत नाही. पाणी गोठताना साधारण ९ टक्के फुगतं आणि वर मोकळी जागा असते, हे खरं. पण गोठायला सुरुवात वरून होते. वरचा थर कडांना घट्ट चिकटला की खालच्या पाण्याचा सगळा दाब भिंतींवर आणि तळाच्या तोटीवर येतो.

म्हणून पिंप पूर्ण रिकामं करा. तोटी तळापासून थोडी वर असते, तिच्याखालचं पाणी पिंप आडवं केल्याशिवाय जात नाही. तेव्हाच गाळ खरवडून काढा आणि जाळी धुवून घ्या. बॉल व्हॉल्व्हची (आत भोकाचा गोळा फिरवून उघडझाप होणारी) तोटी असेल तर ती अर्धवट उघडी ठेवा. पूर्ण उघडी किंवा बंद असली तर आतल्या गोळ्याभोवती पाणी अडकतं आणि गोठलं की तोटीला तडा जातो. बाहेरून दिसतही नाही, पुढच्या पावसात गळायला लागल्यावर कळतं.

पिंप आत ठेवता आलं तर उत्तम, नाहीतर उपडं करून बांधून ठेवा, रिकामं पिंप वाऱ्याने सहज लोटलं जातं.

आणि कृपया पन्हळीचा पाइप विसरू नका! पिंपासाठी तो कापलेला असतो. तिथे जोड-पाइप लावून पाणी घराच्या पायापासून दूर सोडा, नाहीतर वितळलेल्या बर्फाचं सगळं पाणी भिंतीच्या बुडाशी मुरत राहील.