प्रार्थनेला नेम हवा की ओढ?

पहाटतारा: रविवारी उपासनेनंतर एक तरुण मला म्हणाला, "मनापासून वाटेल तेव्हाच प्रार्थना करावी, नाहीतर ते ढोंग." मला हे मुळीच पटत नाही. वाटण्यावर सोडलं की आठवडेच्या आठवडे कोरडे जातात, हे मी भोगलंय. बायबलमधल्या दानीएलाने, राजाने देवाची प्रार्थना करायला मनाई केल्याचं कळल्यावरही दिवसातून तीनदा गुडघे टेकले, आणि शास्त्र आवर्जून सांगतं की हा त्याचा आधीपासूनचाच परिपाठ होता. सिंहांच्या गुहेपर्यंत त्याला त्या परिपाठानेच नेलं. प्रेषित पौलही आपल्या तरुण सहकाऱ्याला, तीमथ्याला, सुभक्तीची कसरत करायला सांगतो. कसरत कोणी लहर आली म्हणून करत नाही. तुम्हाला काय वाटतं?

मिटलेली वही: तुमचा हेतू चांगला आहे, पण मी त्या वाटेने जाऊन पोळलोय. माझ्याकडे एक वही होती. प्रार्थना, वाचन, उपास, दशमांश (उत्पन्नाचा दहावा भाग देवाला देणं) असे चार रकाने, रोज बरोबरची खूण. वर्षभरात एक खूण चुकली नाही. त्याच वर्षी अकरा महिने सख्ख्या भावाशी मी एक शब्द बोललो नव्हतो, आणि त्यासाठी वहीत रकानाच नव्हता! लूकच्या शुभवर्तमानातल्या दाखल्यात मंदिरात प्रार्थनेला दोघे जातात, नियमशास्त्र काटेकोर पाळणारा परूशी आणि पापी समजला जाणारा जकातदार. तो परूशीसुद्धा आठवड्यातून दोनदा उपास करत होता. नीतिमान ठरून घरी गेला तो जकातदार.

पहाटतारा: दोष वहीचा की मनाचा? क्रमाने वाचत असाल तर मत्तयाच्या शुभवर्तमानाचा पाचवा अध्याय आलाच असेल. अर्पण वेदीजवळ ठेव, आधी भावाशी समेट कर. नेमाने वाचणाऱ्याला नकोसं वचन टाळून पुढे जाता येत नाही, हाच तर नेमाचा उपयोग.

मिटलेली वही: आला होता. वाचला, खूण केली आणि पान उलटलं.

कृपेची लेक: मेथडिस्ट चळवळ सुरू करणारा इंग्लंडचा धर्मोपदेशक जॉन वेस्ली आठवला. 1729 पासून ऑक्सफर्डच्या त्या छोट्या गटात बुधवार-शुक्रवारचे उपास, कैद्यांच्या भेटी, सगळं घड्याळाच्या काट्यावर. तरी पापक्षमेची खात्री मनात उतरली ती 1738 च्या मे महिन्यात, केवळ ख्रिस्तावर भरवसा ठेवल्यावर. मात्र त्यानंतरही तो पहाटे चारला उठायचा थांबला नाही. तारण, म्हणजे पापातून सुटका, देवाच्या कृपेनेच, यात मला तिळभर शंका नाही. पण कृपा मिळाली म्हणून झोपून राहायचं, हेही त्याला सुचलं नाही. आणखी एक. तान्हं मूल असलेल्या आईला पहाटेचा तास सांगू नका. मी दोन वर्षं बाळाला पाजताना एकच स्तोत्र पुटपुटत काढली. माझा नेम तेवढाच होता.

पहाटतारा: ताई, हे मान्य. तासाचा आग्रह मी सोडतो, नेमाचा नाही. वहीवाले दादा, शेवटी भावाशी बोललात का?

मिटलेली वही: बोललो. प्रभूभोजनाच्या, म्हणजे ख्रिस्ताच्या आठवणीत भाकर घेण्याच्या विधीच्या वेळी भाकरीचं ताट समोर आलं आणि हात पुढे होईना. ताट तसंच पुढे दिलं. बाहेर येऊन पायरीवरूनच त्याला फोन लावला. वही त्या रात्री मिटली.

पहाटतारा: पण त्या रविवारी तिथे तुम्ही नेमानेच गेला होतात ना?

मिटलेली वही: हो, नेमाने गेलो होतो. हात मात्र नेमाने थांबला नाही.