जठरातील मिश्र गाठ: ३० टक्क्यांचा निकष कसा लावावा?

जठराच्या खालच्या भागातली व्रण पडलेली ५ सेंमीची गाठ, शस्त्रक्रियेचा पूर्ण नमुना. आधी केमोथेरपी झालेली नाही. वरच्या थरात सरळसरळ ग्रंथी बनवणारा अ‍ॅडिनोकार्सिनोमा. खोलवर मात्र मोठ्या पेशींचे भरीव पुंजके, ठळक न्यूक्लिओलस (केंद्रकातला गडद ठिपका), मध्ये नेक्रोसिस (मृत पेशींचे भाग). या भागात न्यूरोएंडोक्राइन (संप्रेरकं स्रवणाऱ्या) पेशी ओळखणारे स्टेन: सिनॅप्टोफायसिन सर्वत्र पॉझिटिव्ह, क्रोमोग्रॅनिन तुरळक. केआय-६७, म्हणजे विभाजन चालू असलेल्या पेशींचं प्रमाण, सुमारे ७० टक्के. पांढऱ्या पेशींचा स्टेन सीडी४५ निगेटिव्ह, म्हणजे लिम्फोमाची शक्यता कमी.

अडचण मोजणीची. मिनेन (न्यूरोएंडोक्राइन आणि इतर प्रकार एकत्र असलेली मिश्र गाठ) म्हणायला दोन्ही भाग प्रत्येकी किमान ३० टक्के हवेत. तपासलेल्या सहा ब्लॉकमध्ये (मेणात बसवलेल्या तुकड्यांत) न्यूरोएंडोक्राइन भाग २५ ते ३० टक्क्यांच्या काठावर येतो. दोन्हींच्या सीमेवरच्या ग्रंथी दिसायला अ‍ॅडिनोकार्सिनोमाच्या, पण सिनॅप्टोफायसिन घेतात. नुसत्या स्टेनवर त्यांना न्यूरोएंडोक्राइन म्हणणं मला पटत नाही. रचनाही तशी हवी. त्या धरल्या तर मात्र निदान मिनेन होतं. लसीकाग्रंथींतली पसरण तर फक्त मोठ्या पेशींचीच आहे, म्हणून हा भाग रिपोर्टमध्ये दबून जाऊ नये असं तीव्रतेने वाटतं.

आयएनएसएम१ (आणखी एक न्यूरोएंडोक्राइन स्टेन) आणि जनुकीय चाचणी उपलब्ध नाही. नमुना शिल्लक आहे.

उरलेली सगळी गाठ ब्लॉकमध्ये घेऊन पुन्हा मोजावं का? आणि तरीही ३० च्या खालीच राहिलं, तर रिपोर्टमध्ये नेमकी शब्दयोजना काय करता?