मदत हवी आहे: सिंगापूरचे काचघुमट, आई-बाबांसोबत

नमस्कार मंडळी. डिसेंबरमध्ये आई-बाबांना घेऊन सिंगापूरला चाललोय. गार्डन्स बाय द बे या तिथल्या मोठ्या बागेतले फ्लॉवर डोम आणि क्लाउड फॉरेस्ट हे दोन्ही काचघुमट त्यांना दाखवायचेच आहेत. आईनं आयुष्यभर गच्चीत कुंड्या सांभाळल्या आहेत, त्यामुळे या सहलीत माझ्या लेखी हेच सगळ्यात महत्त्वाचं ठिकाण.

वाचलंय ते असं: फ्लॉवर डोम सुमारे 1.2 हेक्टरचा, आत भूमध्य सागराकडची कोरडी, थंड हवा. ऑलिव्हची जुनी झाडं, गोरखचिंचेचे फुगीर बुंधे. क्लाउड फॉरेस्टमध्ये दमट डोंगरी हवा, उंचावरून कोसळणारा धबधबा आणि ऑर्किड, नेचे, कीटकभक्षी झाडं. तिथे लिफ्टनं वर जाऊन लोंबत्या पुलांवरून हळूहळू खाली उतरायचं असतं म्हणे.

नेमकी काळजी इथेच आहे. आईचे गुडघे दुखतात, तिला जिने जमत नाहीत. पूर्ण उतरणीचा रस्ता जिन्याशिवाय होतो का? व्हीलचेअर तिथे मिळते की इथूनच सोय करावी? बाबांना दम्याचा त्रास आहे. बाहेरच्या उकाड्यातून एकदम गारव्यात आणि धुक्याच्या फवाऱ्यात गेल्यावर कुणाला त्रास झाला का? स्वेटर लागतो की शाल पुरे?

दोन्ही घुमट एकाच दिवशी करावेत का? सकाळी गर्दी कमी असते की संध्याकाळी जाऊन नंतर सुपरट्रीची, म्हणजे बागेतल्या झाडाच्या आकाराच्या उंच मनोऱ्यांची, रोषणाई बघावी? ज्येष्ठांना घेऊन जाऊन आलेल्यांनी कृपया सविस्तर सांगा. तिकिटं काढायची थांबवून ठेवली आहेत.