पर्समधला पेढा आणि मुंग्या

पहाट_सातारा:
वय ४३, बैठं काम. गेल्या पाडव्याला ७८ किलो होते, आता ६९. रोज पहाटे टेकडीवरच्या 'चार भिंती' स्मारकापर्यंत चढून जाते, रात्री एक ज्वारीची भाकरी, भाजी, ताक. डॉक्टर खूश, गुडघे खूश. मीच तेवढी नाही.

परवा भाच्याला नोकरी लागली म्हणून वहिनीने कंदी पेढे पुढे केले. मी एक उचलला, 'नंतर खाते' म्हणत कागदात गुंडाळून पर्समध्ये टाकला. दुसऱ्या दिवशी ऑफिसात पर्स उघडली तर मुंग्यांची रांग थेट आधारकार्डावर! सगळ्या हसल्या, मीही हसले. घरी येऊन मात्र रडले. खव्याच्या एवढ्याशा गोळ्याला मी घाबरायला लागले?

त्याआधी मावसबहिणीच्या डोहाळजेवणाला दोन पुरणपोळ्या झाल्या. सकाळी काटा सव्वा किलो वर. दिवसभर नुसतं ताक प्यायले आणि रात्री साडेअकराला, लाइट न लावता, ओट्यापाशी उभ्याउभ्या डब्यातला चिवडा संपवला. आवाज नको म्हणून झाकणही हळूच लावलं. यातून बाहेर कसं यायचं?

भडंग_सांगली:
ताई, एका रात्रीत सव्वा किलो चरबी चढत नसते. किलोभर चरबीला सुमारे ७,७०० जादा कॅलरी लागतात, दोन पोळ्यांचं ते काम नव्हे. चढलं ते पाणी. पोळीतली साखर शरीरात ग्लायकोजेन म्हणून साठते आणि प्रत्येक ग्रॅममागे तीनेक ग्रॅम पाणी धरून ठेवते. वर कटाच्या आमटीतलं मीठ. दोन-चार दिवस नेहमीसारखं जेवा, उतरेल. आमच्याकडे काटा माळ्यावर ठेवलाय. स्टूल लावायचा कंटाळा येतो, म्हणून फक्त रविवारी निघतो.

शिस्त_म्हणजे_शिस्त:
साखर विषच. पेढा टाकला ते बरंच केलंत.

माणदेशी_काकू:
विष काय, विष! अशा बोलण्यानेच पोरी अंधारात खातात.
पहाट, मी गृहविज्ञान शिकवायचे म्हणून सांगते. १९४४-४५ मध्ये अमेरिकेत मिनेसोटात ३६ धडधाकट तरुणांना सहा महिने निम्म्या जेवणावर ठेवलं होतं. दिवसरात्र डोक्यात अन्नच. काही जण तर पाककृतींची पुस्तकं जमवायला लागले. उपाशी माणसाचं असंच होतं गं, त्यात तुझा दुबळेपणा नाही. चिवड्याला नावं ठेवू नकोस, तुझं बिघडवलं त्या दिवसभराच्या ताकाने. लग्नकार्याच्या दुसऱ्या दिवशीही वेळेवर नाश्ता कर, भाकरी-पिठलं नीट पोटभर खा. गोड खायचं तर बशीत घेऊन, बसून, चारचौघांत. आणि 'आज पाप केलं' हे बोलणं बंद. पाप कसलं, पुरण आहे ते.
एक मात्र गंभीरपणे घे. असं लपूनछपून, थांबताच येत नाही असं खाणं वरचेवर होत असेल तर डॉक्टरांना स्पष्ट सांग. त्यावर उपचार असतात.

पहाट_सातारा:
काकू, महिन्यात तीनदा झालंय. सोमवारी डॉक्टरांकडे जातेय, तिथे चिवड्याचंही सांगेन.
काल वहिनीला फोन करून पेढ्याचं खरं सांगून टाकलं. वाटलं, रुसणार. तर म्हणते, "बॉक्समध्ये अजून चार आहेत. ये संध्याकाळी, चहा टाकते. पर्स मात्र घरी ठेवून ये."